फरशी पुसल्याची नोंद

बोतिला निसेनबाईंचा कुणावरही विश्वास नसे, आणि सदतीस वर्षं त्यांना ह्याच गुणाचा पगार मिळाला. डेन्मार्कच्या दक्षिण युटलंडमधल्या आमच्या गावाच्या करकचेरीत त्या खिडकीपासच्या टेबलाला बसत. माणूस फॉर्म घेऊन आला की आधी त्याच्या तोंडाकडे बघायच्या, मग हातांकडे, आणि सगळ्यात शेवटी फॉर्मकडे. शाळेतले एक मास्तर रोज साठ किलोमीटरवरून मोटारीनं येतो असं लिहून प्रवासाची सूट घेत असत. बाईंनी त्यांना एकदा सकाळी पावणेसातला गावच्या बेकरीत घरातल्या सपाता घालून पाव घेताना पाहिलं. "साठ किलोमीटर सपातांवर गाडी हाकतोस का रे?" एवढंच विचारलं. मास्तरांनी त्याच दिवशी फॉर्म मागे घेतला. पुढे कित्येक वर्षं ते बेकरीत बूट घालून यायचे.

लोक त्यांना वचकून असत, पण वाईट कुणी म्हणत नसे. कारण बाईंचा काटा स्वतःवरही तेवढाच चाले. पगारातला जवळजवळ निम्मा भाग कराला जायचा. नवरा निस ट्रक चालवायचा, तो दर महिन्याला पगाराचा कागद बघून कपाळाला हात लावायचा. बाई त्याला म्हणायच्या, "अरे, गेलेले नाहीत ते पैसे. आपण म्हातारे झालो की कुणीतरी दार वाजवून येईल. त्याच्यासाठी ठेवलेत." निसला वाटायचं, बायको कचेरीचीच भाषा घरात बोलते. पण पुढे त्याला कॅन्सर झाला आणि खरंच माणसं दार वाजवून आली. उचलता येणारा पलंग आला, रात्रीची नर्स आली, शेवटपर्यंत कुणी एक क्रोन मागितला नाही. निस गेला तेव्हा बाई रडल्या, पण मनात कुठंतरी हिशेब जुळल्याचं समाधानही होतं. हे त्यांनी स्वतःच पुढे सेनादाला सांगितलं होतं.

सेनादा म्हणजे नगरपालिकेनं पाठवलेली घरकामाची बाई. चौऱ्याहत्तराव्या वर्षी बाईंचा खुबा मोडला, तेव्हापासून दर दुसऱ्या गुरुवारी ती पाऊण तास यायची. फरशी पुसायची, न्हाणीघर धुवायचं, एवढं काम. मूळची बोस्नियाची, लढाईच्या वर्षांत बसनं इकडे आलेली, आता तीही पंचावन्नच्या पुढे गेलेली. आमच्याकडे लहानथोर सगळे एकमेकांना अरेतुरेच करतात. बाईंना 'तुम्ही' म्हणणारी अख्ख्या गावात ती एकटी. पहिल्या दिवशी बाईंना त्यातही काहीतरी काळंबेरं वाटलं होतं. दोन महिन्यांनी सवय झाली, आणि सहा महिन्यांनी बुधवारपासूनच त्या गुरुवारची वाट बघू लागल्या.

बुधवारी आणखीही एक गोष्ट व्हायची. बाई घर झाडूनपुसून घ्यायच्या. सेनादा गुरुवारी फरशी पुसायला येणार, म्हणून बुधवारी फरशी स्वच्छ करायची! हसू नका, आमच्याकडे सगळ्या म्हाताऱ्या हेच करतात. परक्या माणसाला घरातली धूळ दाखवायची म्हणजे काय? त्यापेक्षा मेलेलं बरं. बाई लांब दांड्याचा झाडू घ्यायच्या, एक खोली झाडली की खुर्चीत टेकायच्या, कळ थांबली की दुसरी. सकाळी नऊला सुरू केलेलं काम दुपारी चारला संपायचं. मग गुरुवारी सेनादा यायची, सगळीकडे एक नजर टाकायची, न्हाणीघर धुवायची आणि पुढचा अर्धा तास दोघी कॉफी पीत बसायच्या. सेनादा आपल्या बापाच्या आलुबुखाराच्या बागेचं सांगायची, बाई गावात कोण कधी काय खोटं बोललं त्याचं सांगायच्या. निस गेल्यानंतर ह्या घरात इतकं बोलणं दुसऱ्या कुणाशी होत नव्हतं.

आणि फेब्रुवारीत ते पत्र आलं. पत्र म्हणजे कागद नव्हे, कागद येणं कधीच बंद झालं. कॉम्प्युटर उघडायचा, कोड द्यायचा, दुसऱ्या छोट्या यंत्रावर आलेला दुसरा कोड द्यायचा, आणि एवढं करून आत काय सापडणार, तर दंतवैद्याची आठवण. ह्या वेळी मात्र नगरपालिका होती. बाईंना घर झाडायला एक रोबो देण्यात येत होता. तीन महिने तो आणि सेनादा दोघंही राहतील. रोबोच्या नोंदींवरून त्याचं काम समाधानकारक दिसलं तर गुरुवारची मदत बंद होईल.

बाईंनी पत्र तीनदा वाचलं. दार वाजवून माणूस येईल, असं ठरलं होतं. हे तर खोक्यातून येणार होतं.

खोकं घेऊन नगरपालिकेचा एक दाढीवाला माणूस आला. चपटं, गोल, काळं यंत्र त्यानं फरशीवर ठेवलं आणि म्हणाला, "मोबाइल दे बघू."

"यंत्र झाडणार ना? मग मोबाइल कशाला?"

"ॲप लागतं."

मोबाइल जुना निघाला, ॲप चढेना. अपडेट करायला घेतलं तर पाऊण तास चाक फिरत राहिलं. मग पासवर्ड मागितला. बाईंनी दिलेला पासवर्ड फार सोपा आहे म्हणून नाकारला, दाढीवाल्यानं दिलेला फार अवघड होता, तो त्यालाच पुन्हा लिहिता आला नाही. शेवटी यंत्रातून राजधानीच्या ठसक्यात एक बाई बोलली, "नमस्कार! मी तुझ्या घराचा नकाशा तयार करते आहे."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. "नकाशा? कुणासाठी?"

"तिच्या स्वतःसाठी. कुठं भिंत आहे, कुठं पलंग आहे, ते कळायला."

"आणि तो जातो कुठं?"

"माहिती अगदी सुरक्षित असते."

"कुणापासून?"

दाढीवाल्यानं मोबाइलवर बाईंचं बोट टेकवून घेतलं, सत्तर पानांच्या अटी मान्य झाल्या आणि तो पुढच्या घरी गेला.

पहिल्याच आठवड्यात यंत्रानं बैठकीच्या गालिच्याची झालर खाल्ली. गालिचा बाईंच्या सासूचा होता. मग ते न्हाणीघराच्या उंबऱ्यावर चढलं आणि तिथंच अडकून ओरडू लागलं, "मला नव्या जागी ठेव! मला नव्या जागी ठेव!" वाकता येत नाही म्हणून तर ते घरात आलेलं. बाई स्टुलावर बसून त्याच्याकडे बघत राहिल्या आणि ते बॅटरी संपेपर्यंत ओरडत राहिलं. त्यांनी आमच्या भागातल्या बोलीत त्याला दोन शब्द सुनावले. त्यावर राजधानीची बाई म्हणाली, "माफ कर, मला समजलं नाही."

शेजारचे आस्मुस पूर्वी ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. कुठल्याही यंत्राकडे ते वैऱ्यासारखं बघत, म्हणून त्यांचा शब्द बाईंना त्यातल्या त्यात पटे. त्यांनी रोबो उलटा करून बघितला. "हा डोळा बघ. हा धूळ बघत नाही, तुला बघतो."

"मला कशाला बघेल?"

"किती चालतेस, किती वेळा उठतेस. जास्त चाललीस की लिहून पाठवणार, म्हातारी ठणठणीत आहे, मदत बंद करा."

आस्मुसना ह्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बाईंना ते तंतोतंत खरं वाटलं. त्या दिवसापासून यंत्र सुरू असलं की त्या खुर्चीतून हलेनात. लघवीला लागली तरी दाबून बसायच्या. चुकून उठल्याच तर त्याच्यासमोरून जरा जास्तच लंगडत जायच्या, आणि मग स्वतःचाच राग यायचा. खुबा खरोखर दुखत असताना दुखण्याचं नाटक करायची पाळी यावी, ह्याचा त्यांना संताप होई.

मार्चमध्ये बाईंना ते सापडलं. यंत्र दुपारी सोफ्याखाली गेलं आणि तिथंच बसलं. तीन तास जागचं हललं नाही, ह्या वेळी ओरडलंही नाही. संध्याकाळी बाईंनी मोबाइल उघडला. त्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: 'एक्केचाळीस चौरस मीटर. स्वच्छता शंभर टक्के पूर्ण.'

बाई खुर्चीत ताठ बसल्या. खोटी नोंद! सरळ सरळ, धडधडीत खोटी नोंद! आस्मुस सांगतात, त्या संध्याकाळी त्यांनी बाईंना निसच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा इतकं खुशीत पाहिलं. यंत्र चुकलं असतं तर बाईंनी कदाचित सोडून दिलं असतं. चुकणं माणसाचं, यंत्राचं, कुणाचंही. पण काम न करता केलं म्हणून लिहायचं, आणि ते लिहिलेलं वर खरं धरलं जायचं, हे बाईंच्या अगदी ओळखीचं होतं. सदतीस वर्षं त्यांनी ह्याच जातीच्या कागदांशी झुंज दिली होती.

त्यांनी एक वही सुरू केली. यंत्र किती वाजता निघालं, कुठं अडकलं, मोबाइलवर काय म्हणालं. सहा आठवड्यांत अकरा खोट्या नोंदी सापडल्या. मग चार पानी तक्रार लिहिली. शेवटचं वाक्य त्यांनी तीनदा घासूनपुसून घेतलं: 'माझ्या घरातल्या साफसफाईच्या सर्व नोंदी प्रत्यक्ष झालेल्या कामाशी ताडून पाहाव्यात, ही विनंती.' सर्व ह्या शब्दाखाली रेघ मारायची होती, पण कॉम्प्युटरमध्ये रेघ कुठं असते ते सापडलं नाही.

आठ दिवसांत उत्तर आलं. मे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सिग्ने नावाची अधिकारी स्वतः घर बघायला येणार होती.

आता बाईंना एकच गोष्ट करायची होती, ती म्हणजे काहीच न करणं. सोफ्याखाली सहा आठवड्यांची धूळ साठली होती, ती तशीच राहू द्यायची. सिग्ने येईल, बघेल, यंत्राचं पितळ उघडं पडेल, सेनादाचे गुरुवार वाचतील. शुक्रवारपर्यंत बाई ठाम होत्या. शनिवारी त्यांनी फक्त दारातली पायरी झाडली. ती काही घरात धरत नाहीत. रविवारी दिवाणखान्यातून जाताना उन्हात फरशीवरचा थर दिसला, आणि आपली आई दारात उभी राहून हे बघते आहे असं त्यांना वाटलं. सोमवारी दुपारपर्यंत घर लख्ख झालं होतं.

सोफ्याखालची धूळ मात्र राहिली होती. पुरावा म्हणून. पण अधिकारी बाई सोफ्यावरच बसणार, तिच्या पायांखाली तसला ढिगारा! मंगळवारी सकाळी बाई पोटावर पडल्या, झाडूनं ती सगळी धूळ बाहेर ओढली, आणि पुरावा नष्ट होऊ नये म्हणून मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत भरली. वर चिठ्ठी डकवली, तारीख घातली. पुन्हा उठायला त्यांना वीस मिनिटं लागली.

राहिलं कॉफीचं. आमच्या भागात कॉफीला बोलावलं म्हणजे टेबलावर सात प्रकार मऊ आणि सात प्रकार कुरकुरीत हवेत, अशी जुनी रीत. बाईंनी वयाचा विचार करून एकूण सातच केले. राय धान्याच्या काळ्या पावाचा मलई घातलेला केक, लोखंडी साच्यात भाजलेल्या पातळ कुरकुरीत चकत्या, व्हॅनिलाची कडी, आणि असंच बाकीचं. चार दिवस थोडं थोडं करून, मधे मधे आडवं होऊन.

सिग्ने आली. पस्तिशीची, सायकलवरून आलेली, चेहऱ्यावर लपवता न येणारी भूक. आस्मुस साक्षीदार म्हणून आधीच येऊन बसले होते आणि तिसऱ्या प्रकारावर पोचले होते. सिग्नेनं कोट काढला, सगळीकडे बघितलं, आणि म्हणाली, "किती छान ठेवलं आहेस गं घर!"

"यंत्रानं नाही ठेवलेलं," बाई म्हणाल्या. "ते खोट्या नोंदी करतं. ही बघ वही. आणि ही बघ धूळ." त्यांनी बरणी पुढे केली.

सिग्नेनं बरणी उजेडात धरली. "ही कुठली?"

"तुझ्या बुडाखालची. सोफ्याखाली होती."

"मग बाहेर कुणी काढली?"

"मी."

"तू? कशी?"

"पोटावर पडून."

सिग्नेनं टॅबवर काहीतरी लिहिलं. आस्मुसना धोका कळला. तोंडातला घास गिळून ते म्हणाले, "ती नाही गं, मी काढली. मीच झाडलं सगळं. तिला कुठं जमतंय!"

एवढं एक वाक्य तसंच राहू दिलं असतं तर सगळं निभावलं असतं. सिग्ने ते लिहायला तयार होती, तिचं बोट टॅबवर टेकलंही होतं.

"खोटं बोलतोय तो," बोतिलाबाई म्हणाल्या. "त्याला स्वतःच्या चपला दिसत नाहीत वाकून. घर मी झाडलं."

"आणि हे सगळं बेक कुणी केलं?"

"मी. विकतचं ठेवते की काय तुझ्यापुढे?"

सिग्नेनं सुस्कारा सोडला. मनानं वाईट नव्हती ती. "हे बघ बोतिला, मी काय लिहू तूच सांग. यंत्रानं घर झाडलं असेल तर यंत्र ठीक आहे. तू झाडलं असशील तर तुला झाडता येतं. तिसरं काही माझ्या कागदावर नाही. कर भरणारे कमी होत चाललेत, म्हातारे वाढत चाललेत, आणि माझ्याकडे ह्या महिन्यात अशी बेचाळीस घरं आहेत. ज्यांना खाटेवरून उठता येत नाही त्यांच्याकडे पाठवायलाही माणसं पुरत नाहीत गं."

बाई हिशेबात चूक काढायला गेल्या आणि सापडली नाही. हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

"पण तुझी दुसरी मागणी मात्र मान्य झाली आहे," सिग्ने जाता जाता म्हणाली. "नोंदी ताडून बघण्याची. गेल्या सगळ्या वर्षांच्या, मशीनच्या आणि माणसाच्याही. तुला एक प्रश्नावली येईल. खोट्या नोंदी आम्ही अजिबात खपवून घेत नाही. गेल्या महिन्यात घरकामाच्या दोघींना काढून टाकलं."

"बरोबर केलंत," बाई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात गुरुवार होता. सेनादाचा शेवटचा. बाईंनी बुधवारी, सवयीनं, घर झाडलं होतंच. सेनादा न्हाणीघर धुऊन आली, मंगळवारचे उरलेले प्रकार टेबलावर होते, आणि बाईंनी तिला सगळं रागारागानं सांगितलं. यंत्र कसं लबाड आहे, फरशीला शिवत नाही आणि पुसली म्हणून लिहितं. सेनादा कपात बघत राहिली.

"बोतिलाबाई," ती म्हणाली, "आपण कॉफी पितो, त्या अर्ध्या तासाचं मी काय लिहिते, असं तुम्हाला वाटतं?"

"काय म्हणजे? कॉफी लिहीत असशील. सुट्टी लिहीत असशील."

"कॉफीला चौकोन नाही. सुट्टीलाही नाही. मोबाइलवर तीनच चौकोन आहेत: फरशी, न्हाणीघर, कचरा. मी फरशी दाबते."

"पण तू फरशी पुसत नाहीस."

"तुम्ही आदल्या दिवशी पुसून ठेवता ना!"

सात वर्षं! गावातल्या प्रत्येकाला बाईंनी कधी ना कधी आडवं घेतलं होतं, आणि आपल्याच टेबलाशी बसणाऱ्या ह्या बाईला हा साधा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. का विचारला नव्हता? उत्तर नको होतं म्हणून? त्या सेनादाकडे बघू लागल्या, कचेरीत बघत तशा. आधी तोंडाकडे, मग हातांकडे. मनात नको ते येऊ लागलं. ही गोड बोलायची, 'तुम्ही' म्हणायची, ते काम टळावं म्हणून होतं का? आलुबुखाराची बाग तरी खरी होती का?

"म्हणजे तू इथं आराम करायला येत होतीस," त्या म्हणाल्या.

सेनादाच्या कानापर्यंत लाली चढली. "आराम? तुमच्याकडे आले की मला कळायचं, फरशी झालेली आहे. दहा मिनिटांत न्हाणीघर धुवून, तिन्ही चौकोन दाबून बाहेर पडता आलं असतं मला. बाकीच्या पडतात. गाडीत पाय लांब करून अर्धा तास झोपतात, आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. माझेही गुडघे दुखतात, बाई. मी इथं बसत होते. तुमची ती मास्तरांच्या सपातांची गोष्ट मी नऊ वेळा ऐकली आहे."

बाईंनी हे बोलणं उलटसुलट करून पाहिलं. कुठं पाणी मुरतंय का, ते शोधलं. मुरत नव्हतं.

"अगं, मग मला आधी सांगायचंस," त्या शेवटी म्हणाल्या. "मी सगळ्या नोंदी तपासायला सांगून बसले आहे."

"माहीत आहे. कचेरीत सगळ्यांना माहीत आहे." सेनादानं कप धुऊन पालथा घातला. "तुम्ही खरं तेच लिहा. तुम्हाला दुसरं जमायचं नाही." मग दारात थांबून म्हणाली, "मी एखाद्या रविवारी येईन. पाहुणी म्हणून."

सगळेच असं म्हणतात, बाईंच्या मनात आलं.

प्रश्नावली सोमवारी आली. सुरुवातीला नाव, पत्ता, वय. मग पुष्कळ खाली एकच प्रश्न: 'गेल्या सात वर्षांत आपल्या घरी नोंदींप्रमाणे काम झाले का?' पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. बाईंनी वेगळं लिहायला जागा शोधली. यंत्राचं वेगळं, माणसाचं वेगळं. अशी जागा नव्हती. मदतीसाठी दिलेल्या नंबरावर फोन केला, तर रांगेत एकतिसाव्या आहात असं कळलं. पाऊण तासानं एक माणूस भेटला, तो म्हणाला, घर एक म्हणून उत्तर एक, फॉर्म तसाच बनवला आहे.

नाही म्हटलं असतं तर ते खरं होतं. यंत्र खोटं पडलं असतं, तक्रार खरी ठरली असती, कदाचित गुरुवारी पुन्हा कुणीतरी दार वाजवलं असतं. ते कुणीतरी सेनादा नसतं, कारण सेनादा नोकरीवरच नसती. हो म्हटलं तर अकरा खोट्या नोंदी खऱ्या होणार होत्या, वही रद्दी होणार होती, आणि त्या लबाड चकतीला बोतिला निसेनचं प्रमाणपत्र मिळणार होतं. चकती त्या वेळी खोलीतच होती, कोपऱ्यात भिंतीला धडका देत होती.

बाई दोन दिवस त्या पानासमोर बसल्या. आस्मुसना त्यांनी काही विचारलं नाही. बुधवारी दुपारी त्यांनी 'हो' दाबलं. मग 'वरील माहिती सत्य असल्याचे मी जाहीर करते' ह्याच्यापुढेही खूण केली. ती खूण दोनदा उमटून पुन्हा पुसली गेली आणि तिसऱ्यांदा करावी लागली. एक्क्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात सरकारकडे दिलेला हा त्यांचा पहिला खोटा कागद. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. नुसतं घाबरायला झालं.

मग त्या वाट बघू लागल्या. कुणीतरी येणार, निदान फोन तरी करणार, ह्याची त्यांना खात्री होती. काय विचारतील, आपण काय सांगायचं, हे घोकून ठेवलं. दारावर काही वाजलं की सगळं पुन्हा एकदा मनात म्हणून घ्यायच्या. जून गेला, जुलै गेला. एक छापील आभार आले, तक्रार निकाली निघाल्याचं कळलं, आणि गुरुवार बंद झाल्याचं. प्रश्न कुणीही विचारला नाही.

ह्याचा बाईंना इतका राग आला की आस्मुससुद्धा चकित झाले. पकडलं नाही म्हणून कुणी चिडतं का? पण बाईंना कचेरीतलं आपलं टेबल आठवत होतं. महिन्यापूर्वी चार पानी तक्रार करणारी म्हातारी आणि आता तिचंच हे मुकाट 'हो', असे दोन कागद त्यांच्या हाती आले असते, तर त्यांनी त्याच दुपारी कोट चढवून त्या घराची बेल वाजवली असती.